काटाघरातला कर्नल: एका साखर कारखान्यात कंपायलर बदलला तेव्हा

धाराशिव जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना. नाव देत नाही. मुद्दा त्या कारखान्याचा नाही, आणि तिथली माणसं आजही तिथेच रात्रपाळी करतात. केनयार्डाच्या, म्हणजे उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या आवाराच्या, तोंडाशी काटाघर आहे. चार वजनकाट्यांचे इंडिकेटर एकाच खोलीत आणि चौघांच्या सिरियल केबली एकाच संगणकाच्या पाठीत खोचलेल्या. आजकालच्या मदरबोर्डवर सिरियल पोर्ट मिळाला तर एखादाच मिळतो, म्हणून आठ पोर्टांचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवलेलं. संगणकावर उबुंटू २२.०४, लिनक्सचाच एक प्रकार. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये (यंत्रणेच्या गाभ्यात) नाही. विक्रेत्याने दिलेला सोर्स डीकेएमएस या बाहेरचे ड्रायव्हर बांधणाऱ्या साधनात नोंदवून ठेवला होता. नवा कर्नल आला की त्याचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) घेऊन ड्रायव्हर आपोआप पुन्हा कंपाइल व्हावा, एवढीच अपेक्षा.

जानेवारी २०२४, गाळप ऐन भरात. उबुंटू २२.०४ डेस्कटॉप पद्धतीने बसवला की त्याचा कर्नल ठरावीक काळाने पुढच्या मालिकेत उडी घेतो. नव्या हार्डवेअरसाठी केलेली ही सोय, तिला एचडब्ल्यूई म्हणतात. त्या महिन्यात ही मालिका ६.२ वरून ६.५ वर गेली. अपडेट आपोआप उतरलं आणि कोणाला पत्ता लागला नाही, कारण रीबूट झाल्याशिवाय नवा कर्नल चालू होत नाही आणि हंगामात काटाघराचा संगणक कोणी मुद्दाम बंद करत नाही. मग एका रात्री वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या आधीच थकलेल्या होत्या. संगणक पडला आणि उठला तो ६.५ वर. आठही पोर्ट गायब.

काटा क्लार्कने संगणक विभागाच्या प्रमुखांना फोन लावला. "सायेब, डिस्प्लेवर वजन दिसायलंय, पण कॉम्प्युटरात येईना गेलंय." बाहेरचा मोठा लाल आकड्यांचा डिस्प्ले थेट इंडिकेटरवरून चालतो, त्यामुळे तो ठीक होता. वजन बरोबर होत होतं, फक्त ते संगणकाला ऐकू येत नव्हतं. तोवर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. रांगेत उभा ऊस वाळतो आणि वाळला की वजनात घटतो. शेतकऱ्याचं बिल टनावर, तोडणी टोळीची मजुरीही टनावर. गाड्या थांबवणं शक्य नव्हतं. प्रमुखांनी सॉफ्टवेअरमधली हाताने वजन भरण्याची सोय उघडून दिली आणि क्लार्क डिस्प्ले बघून आकडे टाइप करू लागला.

हे तांत्रिकदृष्ट्या किरकोळ वाटेल. ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला तसं वाटणार नाही. काटामारीचा संशय इथे दर हंगामाला असतो, भरारी पथकं फिरतात ती त्यासाठीच. खिडकीतून आत बघणाऱ्या एका शेतकऱ्याने विचारलंच, "हातानं लिव्हायलाव व्हय वजन? मग काटा कशाला बसवलाव?" पुढे त्या रात्रीच्या पावत्यांवर रीतसर तक्रार झाली. मला बोलावणं आलं ते त्या तक्रारीमुळे, फेब्रुवारीत. काम ठरलं होतं हाताने भरलेल्या नोंदी वेगळ्या काढून देण्याचं. त्या निघाल्या, डिस्प्लेच्या कॅमेऱ्याशी ताडून पाहिल्या, जुळल्या. तो भाग इथेच संपतो. हे टिपण त्या रात्री ड्रायव्हर 'चालू' कसा केला गेला याबद्दल आहे.

बिल्ड का अडला

डीकेएमएसच्या बिल्ड लॉगमध्ये दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या. आधी एक वॉर्निंग: कर्नल ज्या कंपायलरने (सोर्सचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाने) बांधला तो आणि तुम्ही वापरताय तो वेगळा आहे, कर्नल जीसीसी १२.३ ने, तुमच्याकडे जीसीसी ११.४. त्याखाली एरर: 'ट्रिव्हियल ऑटो व्हार इनिट = झिरो' हा पर्याय मला ओळखू येत नाही.

उबुंटू २२.०४ चा नेहमीचा कंपायलर जीसीसी ११. त्याच उबुंटूसाठी आलेला ६.५ चा एचडब्ल्यूई कर्नल मात्र जीसीसी १२ ने बांधलेला. ६.२ पर्यंत दोघे एका पंक्तीत होते, म्हणून कधी अडचण आली नाही. जीसीसी १२ मध्ये एक नवा पर्याय आला: फंक्शनमधल्या ज्या स्थानिक चलांना प्रोग्रामरने सुरुवातीची किंमत दिलेली नाही, त्यांना कंपायलरने स्वतःहून शून्य भरावं. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये ही सोय आधीपासून होती. जीसीसीलाही ती आल्यावर ६.५ च्या बांधणीत ती चालू झाली. कर्नलच्या हेडर्समधल्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये, हा पर्याय लिहिलेला असतो, आणि बाहेरचं कुठलंही मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग, जसा हा ड्रायव्हर) बांधताना तीच मेकफाइल वापरली जाते. जीसीसी ११ ला तो पर्याय माहीत नाही, म्हणून तो पहिल्याच फाइलवर थांबला.

त्या महिन्यात जगभर हजारोंना हाच एरर दिसला असणार. उबुंटूकडून यात काही लपवाछपवी नव्हती, आणि इलाज एका पॅकेजचा होता: जीसीसी १२ बसवायचा आणि मॉड्यूल बांधताना त्याचं नाव सांगायचं. त्याहून सोपा, रात्री दोन वाजता करण्यासारखा इलाज म्हणजे रीबूट करून ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूतून आधीचा ६.२ निवडणे. उबुंटू मागचा कर्नल लगेच काढून टाकत नाही. त्या कर्नलसाठी बांधलेलं मॉड्यूलही डिस्कवर जसंच्या तसं होतं. पाच मिनिटांत काटा चालू झाला असता आणि सकाळी शांतपणे बाकीचं बघता आलं असतं.

पण ग्रबचा मेनू लपवलेला होता, क्लार्कला तो उघडता येत नव्हता, आणि विक्रेत्याचा सपोर्टवाला दूरस्थ स्क्रीनवरून जोडलेला. संगणक रीबूट होत असताना त्याला काहीच दिसत नाही. त्याच्या हातात होतं ते चालू यंत्र आणि समोरचा एरर.

एक ओळ

तो म्हणाला, "सर, एक ओळ काढली की होतंय." आणि झालंही. हेडर्सच्या मेकफाइलमधली ती एक ओळ त्याने टिप्पणी करून टाकली, डीकेएमएसला पुन्हा बिल्ड करायला सांगितलं, मॉड्यूल बांधलं गेलं, लोड झालं, आठही पोर्ट परत आले. रांग हलली. प्रमुखांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं.

त्या सपोर्टवाल्याला मी दोष देत नाही असं म्हणणं खोटं ठरेल; थोडा देतो. एरर वाचून तो नेमक्या ओळीपर्यंत पोचला म्हणजे त्याला वाचता येत होतं. ती ओळ तिथे कोणी आणि का घातली, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

कर्नलच्या मेकफाइलमधल्या पर्यायांच्या यादीकडे लोक सजावट म्हणून बघतात. त्यातल्या बऱ्याच ओळींच्या मागे एखादी पडझड आहे. सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००९ चं. लिनक्सच्या टन नावाच्या ड्रायव्हरमध्ये, जो व्हीपीएनसाठी आभासी नेटवर्क तयार करतो, एका फंक्शनने आधी पॉइंटरमधून (स्मृतीतला पत्ता धरणाऱ्या चलातून) किंमत वाचली आणि पुढच्या ओळीत तो पॉइंटर रिकामा तर नाही ना हे तपासलं. क्रम चुकला, पण तपासणी तरी होती. जीसीसीने सी भाषेच्या नियमावर बोट ठेवून असा तर्क केला: रिकाम्या पॉइंटरमधून वाचणं भाषेत बसतच नाही, इथे तर वाचलंय, म्हणजे पॉइंटर रिकामा असूच शकत नाही, मग खालची तपासणी निरर्थक आहे, काढून टाका. सोर्समध्ये तपासणी दिसते आणि बांधलेल्या कर्नलमध्ये ती नाही. सुरक्षा संशोधक ब्रॅड स्पेंग्लर यांनी जुलै २००९ मध्ये यावरून थेट रूट, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार मिळवून दाखवले. शून्य पत्त्यावर स्वतःचा डेटा ठेवता येऊ नये यासाठीचं कर्नलमधलं संरक्षणही त्यांनी चुकवलं होतं. सुरक्षा त्रुटींच्या जाहीर यादीतली सीव्हीई-२००९-१८९७ ती हीच. कोडचा क्रम दुरुस्त झालाच, शिवाय कर्नलच्या मेकफाइलमध्ये एक ओळ वाढली: 'नो डिलीट नल पॉइंटर चेक्स', म्हणजे अशा तपासण्या कंपायलरने काढायच्या नाहीत. तेव्हापासून ती ओळ तिथे आहे.

अशीच आणखी एक ओळ रेड झोन बंद ठेवते. एक्स८६-६४ वर, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरांवर, साध्या प्रोग्रामला स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या डेटाची जागा) पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट न सांगता वापरायची मुभा असते. कर्नलमध्ये कधीही इंटरप्ट (हार्डवेअरची मध्येच येणारी हाक) येऊन त्याच जागेवर लिहू शकतो, म्हणून तिथे ही मुभा नाही. ही ओळ काढून मॉड्यूल बांधलं तरी ते बांधलं जाईल, लोडही होईल, आणि भार वाढला की कधीतरी डेटा बिघडेल. कुठे बिघडला ते शोधणाऱ्याचा हंगाम त्यातच जाईल.

कर्नल आणि कंपायलर यांचा हा संसार पहिल्यापासून कुरबुरीचाच. २००० साली आलेल्या रेड हॅट लिनक्स ७.० मध्ये कर्नल बांधण्यासाठी केजीसीसी नावाचा वेगळा, जुना कंपायलर सोबत द्यावा लागला होता, कारण सोबतचा नवा जीसीसी कर्नलसाठी भरवशाचा नव्हता. २.६ च्या सुरुवातीच्या कर्नलांत मॉड्यूलच्या ओळखपट्टीत, व्हरमॅजिकमध्ये, जीसीसीची आवृत्तीही लिहिलेली असे; जुळली नाही तर मॉड्यूल नाकारलं जाई. पुढे ती अट काढली. त्याला कारण होतं: एकाच मशीनवर जीसीसीच्या दोन आवृत्त्यांनी बांधलेला सी कोड सहसा एकमेकांशी नीट बोलतो, आणि उगाच नकार देऊन लोकांना त्रास होत होता. आज म्हणून फक्त वॉर्निंग मिळते. जीसीसी ११ चं मॉड्यूल जीसीसी १२ च्या कर्नलमध्ये चालतं हे खरंच आहे, आणि काटाघरात सगळ्यांचा विश्वास बसला तो त्यावरच.

मॉड्यूलच्या आत

फेब्रुवारीत मी मशीनवर बसलो तेव्हा वरवर काही दिसत नव्हतं. मॉड्यूलची माहिती दाखवणाऱ्या मोडइन्फोमध्ये व्हरमॅजिक बरोबर. रेटपोलाइनचा रकाना 'वाय'. तो रकाना मुद्दाम बघितला, कारण त्या बाबतीत कर्नल स्वतः पहारा देतो. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटीचा दुसरा प्रकार उघड झाला तेव्हा त्यावरचा उपाय कंपायलरमधूनच यायचा होता. अप्रत्यक्ष उड्या वेगळ्या पद्धतीने बांधायच्या, हेच रेटपोलाइन, आणि ते जीसीसी ७.३ शिकून आला. नवा कर्नल जुन्या कंपायलरने बांधला तर सिस्टीमच्या माहितीत साफ लिहून येई की संरक्षण अर्धवट आहे. कर्नल नीट बांधलेला असून एखादं बाहेरचं मॉड्यूल जुन्या कंपायलरचं लोड केलं, तर तिथे शेपूट लागे: धोकादायक मॉड्यूल लोड केलेलं आहे. प्रशासकाला एक फाइल वाचून कळत होतं.

शून्य भरण्याच्या पर्यायाला असा कुठलाही शिक्का नाही. ते मॉड्यूल तो पर्याय गाळून बांधलं आहे हे मोडइन्फो सांगत नाही, कर्नल सांगत नाही, लॉगमध्ये येत नाही. सापडलं ते दोन जागी. मॉड्यूलच्या फाइलमध्ये कॉमेंट नावाचा विभाग असतो, त्यात कंपायलर आपलं नाव लिहून ठेवतो: जीसीसी ११.४. कर्नलची स्वतःची ओळ म्हणते १२.३. मग डेबसम्स चालवून पाहिलं की पॅकेजमधून आलेल्या फाइलींपैकी कुठली बदलली आहे. हेडर्सची मेकफाइल लाल.

इथे एक गोष्ट समोर आली जी सपोर्टवाल्याच्याही ध्यानात नसणार. ती मेकफाइल फक्त सिरियल कार्डाची नव्हती. त्या संगणकावर यूएसबी वायफायचा एक बाहेरचा ड्रायव्हरही डीकेएमएसमधून बसवलेला होता, शेतकी विभागाच्या हँडहेल्ड यंत्रांसाठी. तोही त्याच मेकफाइलमधून, त्याच ओळीशिवाय पुन्हा बांधला गेला. सिरियल कार्डाशी बोलायला खोलीत यावं लागतं. वायफायचा ड्रायव्हर हवेतून येणारं काहीही वाचायला बसलेला असतो. कोणी मागितलं नसताना त्याचं संरक्षण एका पदराने कमी झालं.

आता मुख्य प्रश्न: शून्य न भरल्याने नेमकं बिघडतं काय? सिरियल ड्रायव्हरांच्या बाबतीत याचं उत्तर शोधायला दूर जावं लागत नाही. २०१० मध्ये सुरक्षा संशोधक डॅन रोझेनबर्ग यांनी लिनक्सच्या अनेक ड्रायव्हरांत एकाच घडणीच्या चुका दाखवून दिल्या. सिरियल पोर्टवर किती बाइट आले, किती गेले, किती वेळा चूक झाली हे विचारण्यासाठी टीआयओसीजीआयकाउंट नावाची विनंती असते. तिच्या उत्तराचं स्ट्रक्चर स्टॅकवर तयार होतं. त्यात मोजणीचे रकाने आहेत आणि शेवटी पुढेमागे लागतील म्हणून नऊ राखीव पूर्णांक. ड्रायव्हर मोजणीचे रकाने भरत होते, राखीव रकान्यांना कोणी हात लावत नव्हतं, आणि अख्खं स्ट्रक्चर वापरकर्त्याकडे पाठवलं जात होतं. नऊ पूर्णांक म्हणजे ३६ बाइट; त्या क्षणी कर्नलच्या स्टॅकवर आधीच्या कामाचं जे काही पडलेलं असेल ते. सिरियलच्या गाभ्यातली चूक सीव्हीई-२०१०-४०७५, नोझोमी ड्रायव्हरमधली ४०७७. नंतर कर्नलचे विकसक ॲलन कॉक्स यांनी हे काम ड्रायव्हरांकडून काढून टीटीवायच्या, म्हणजे सिरियल पोर्ट सांभाळणाऱ्या कर्नलमधल्या भागाच्या, गाभ्यात आणलं.

काटाघरातल्या ड्रायव्हरचा सोर्स उघडला तेव्हा ती जुनी घडण ओळखू आली. टीआयओसीजीआयकाउंट आता गाभाच सांभाळतो, पण विक्रेत्याने त्याच साच्यावर आपली एक खासगी विनंती ठेवली होती, कार्डाची स्थिती विचारण्यासाठी. स्ट्रक्चर स्टॅकवर, काही रकाने भरलेले, राखीव रकाने तसेच, आणि सगळं जसंच्या तसं बाहेर.

कारखान्याकडे एक जादा कार्ड होतं. ते संगणक विभागातल्या दुसऱ्या मशीनवर लावलं आणि मॉड्यूल दोन प्रकारे बांधलं: एकदा ती ओळ गाळून जीसीसी ११ ने, एकदा ओळीसकट जीसीसी १२ ने. मग तीस-चाळीस ओळींचा एक प्रोग्राम लिहून तीच खासगी विनंती पुन्हा पुन्हा पाठवली. जीसीसी १२ च्या मॉड्यूलकडून राखीव जागेत शून्य, प्रत्येक वेळी. जीसीसी ११ च्या मॉड्यूलकडून कचरा, आणि त्या कचऱ्यात शेजारचे दोन पूर्णांक जोडून वाचले तर आठ एफ लागोपाठ सुरू होणारे आकडे. ६४ बिटांच्या लिनक्समध्ये कर्नलच्या कोडचे पत्ते असेच दिसतात. प्रत्येक बूटला कर्नल स्मृतीत वेगळ्या जागी बसतो, हल्लेखोराला नेमकी जागा माहीत नसावी म्हणून. इथे ती जागा सिरियल पोर्ट स्वतःच सांगत होता.

हे ऐकल्यावर संगणक विभागाच्या प्रमुखांचा पहिला प्रश्न रास्त होता: "म्हणजे कोणी आमचं वजन बदललं का?" नाही. तसा एकही पुरावा नाही, आणि नुसत्या या गळतीने कोणी वजन बदलू शकत नाही. पत्ता कळणं म्हणजे घरात शिरणं नव्हे. पण कर्नलमधली दुसरी एखादी त्रुटी हाताशी असेल तर पत्ता कळल्याने तिचा नेम लागतो. आणि ही विनंती पाठवायला रूट लागत नव्हतं, डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) असलेलं खातं पुरत होतं. काटा क्लार्कचं खातं त्या गटात होतं. त्याच खात्यावर ब्राउझर, त्याच खात्यावर दूरस्थ सपोर्टचं सॉफ्टवेअर, आणि त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर.

आणखी एक गोष्ट प्रमुखांना सांगावी लागली, नाहीतर अहवाल एकांगी झाला असता. गळती जानेवारीत सुरू झाली नाही. ६.२ च्या काळात जीसीसी ११ ला शून्य भरता येतच नव्हतं, तेव्हाही हेच होत असणार. भोक ड्रायव्हरचं आणि जुनं. ६.५ ने ते न सांगता बुजवलं असतं, आणि त्या रात्री नेमकं तेच काढून टाकलं गेलं. वैधमापन विभागाचा शिक्का काट्यावर आणि इंडिकेटरवर असतो, कर्नलवर नसतो. पावतीवर छापलेला आकडा मात्र या सगळ्यातून जातो.

दुरुस्ती

ही लवकर झाली. जीसीसी १२ बसवला, यंत्राचा नेहमीचा कंपायलर न बदलता फक्त डीकेएमएसच्या नोंदीत त्याचं नाव घातलं. हेडर्सचं पॅकेज पुन्हा बसवून मेकफाइल मूळ रूपात आणली, दोन्ही मॉड्यूल नव्याने बांधली, कॉमेंट विभाग तपासला. ग्रबचा मेनू पाच सेकंद दिसेल असा केला आणि मागचा कर्नल कसा निवडायचा हे मराठीत एका कागदावर छापून काटाघरात लावलं, पासवर्डच्या कागदाच्या जागी.

वाद झाला तो पुढच्या धोरणावर. कारखान्याचं म्हणणं, कर्नलचं अपडेटच बंद करून टाका, हंगाम संपेपर्यंत कोणी हात लावू नका. व्यवहार म्हणून समजण्यासारखं आहे. पण त्याच जानेवारीच्या अखेरीस सीव्हीई-२०२४-१०८६ जाहीर झाली होती, नेटफिल्टर या कर्नलच्या नेटवर्क गाळणीतली, साध्या खात्यावरून रूट मिळवून देणारी. मार्चमध्ये तिचं चालतं एक्सप्लॉइट सगळ्यांसाठी उपलब्ध झालं आणि मे अखेरीस अमेरिकेच्या सीआयएसए या सायबर सुरक्षा संस्थेने ती प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटींच्या यादीत घातली. गोठवलेला कर्नल म्हणजे अशी प्रत्येक त्रुटी गोठवून जपणं.

मधला मार्ग उबुंटूतच आहे. एचडब्ल्यूई सोडून २२.०४ सोबत आलेल्या मूळ ५.१५ मालिकेवर यायचं. तिला सुरक्षेची अपडेट एप्रिल २०२७ पर्यंत आहेत, मालिका उडी घेत नाही, आणि ती जीसीसी ११ च्याच पंक्तीतली. गाळप संपल्यावर काटाघर ५.१५ वर आणलं. त्यात एक तोटा आहे आणि तो लेखी दिला: जीसीसी ११ म्हणजे शून्य भरणारी ओळ इथेही नाही. त्यामुळे ड्रायव्हरच दुरुस्त करणं भाग होतं. स्ट्रक्चर वापरण्याआधी ते स्वतः शून्याने भरायचं, बस. दोन ओळींचा पॅच. वायफायचा बाहेरचा ड्रायव्हर पूर्ण काढला, त्याजागी कर्नलमध्येच आधार असलेला डोंगल घेतला. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच कोड चालू देणारी सोय, या कार्डासाठी कधीकाळी बंद केलेलं होतं. मॉड्यूलवर सही करून ते पुन्हा चालू केलं. सपोर्टवाल्याला आता सहीची किल्ली मागितल्याशिवाय नवं मॉड्यूल लोड करता येत नाही, त्यावर त्याची नाराजी आहे.

६.८ वर

सप्टेंबर २०२४ मध्ये २२.०४.५ आलं, सोबत ६.८ कर्नल. काटाघराला त्याची गरज नव्हती, पण २४.०४ चा मूळ कर्नलही ६.८ च आहे, म्हणजे आज ना उद्या तिथे जायचंच. जादा कार्डाच्या मशीनवर बिल्ड करून पाहिला. कंपायलर जीसीसी १२ च होता, तरी बिल्ड अडला, आणि या वेळी कारण वेगळं.

टीटीवाय ड्रायव्हरमध्ये पोर्टवर लिहिणारं एक फंक्शन असतं. ६.५ पर्यंत त्याचा परतावा साधा ३२ बिटांचा पूर्णांक होता, ६.६ पासून तो ६४ बिटांचा केला, लांबीचा रकानाही रुंदावला. विक्रेत्याचा ड्रायव्हर जुन्या घडणीचा. कर्नलच्या मेकफाइलमध्ये आणखी एक ओळ आहे: न जुळणाऱ्या पॉइंटर प्रकारांवर नुसती वॉर्निंग न देता थांबायचं. कंपायलर थांबला.

विक्रेत्याकडून सल्ला आला तो अपेक्षितच: तो एरर वॉर्निंगमध्ये बदला, आम्ही करून पाहिलंय, चालतं. वजन वाचायचं असेल तर चालेलही, कारण इंडिकेटरकडून बहुतेक वाचणंच होतं, लिहिणं क्वचित. पण लिहिताना चूक झाली तर ड्रायव्हर उणे ५ परत करतो, इनपुट-आउटपुट त्रुटीचा ठरलेला आकडा. जुनं फंक्शन तो ३२ बिटांत ठेवतं आणि वरचे ३२ बिट सहसा शून्य राहतात. ६४ बिटांची अपेक्षा ठेवून वाचणाऱ्याला तिथे उणे ५ दिसत नाही, ४२९४९६७२९१ दिसतं. म्हणजे चूक झाली असं न कळता चार अब्जांहून जास्त बाइट यशस्वीपणे लिहिले असं कळतं. त्या आकड्यावर विसंबून कोणी बफरचा पॉइंटर पुढे सरकवला तर तो कुठे जाऊन वाचेल ते सांगायला नको. केबल सैल झाली की ही वेळ येणार, आणि केनयार्डात उंदरांची कमतरता नाही.

फंक्शनची घडण आम्ही बदलून घेतली, ते अर्ध्या तासाचं काम. शून्य भरण्याचा पॅच आणि हा बदल दोन्ही विक्रेत्याकडे पाठवले. उत्तर आलं की मूळ सोर्स कार्ड बनवणाऱ्या परदेशी कंपनीचा आहे, आणि ते मॉडेल आता बनत नाही.

त्यामुळे पुढच्या हंगामासाठी खरेदी समितीपुढे दुसरा प्रस्ताव गेला आहे: सिरियल केबली एका डब्यात घ्यायच्या आणि त्यातून वजन इथरनेटवर आणायचं. काटाघराच्या संगणकाला मग बाहेरचा ड्रायव्हरच लागणार नाही. सपोर्टवालाही या बाजूने आहे. पण तो डबाही आतून बहुधा लिनक्सच चालवणार, त्याचा कर्नल कोणीतरी कधीतरी कुठल्यातरी कंपायलरने बांधलेला असणार, आणि तो आता थेट नेटवर्कवर बसणार. कर्नल कुठल्या आवृत्तीचा, कुठल्या कंपायलरने बांधलेला, आणि सुरक्षेची अपडेट किती वर्षं देणार, असे तीन प्रश्न निविदेत घातले आहेत. दोन पुरवठादारांनी किंमत पाठवली, प्रश्नांच्या जागी रेघ मारून. त्यांना पुन्हा पत्र गेलं आहे.